मनालीने लावलेली अनुक्रमणिका

मनाली नाखवा आणि मी वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात शेजारीशेजारी बसायचो. आमची कंपनी कारखान्यांच्या मशीनची माहितीपुस्तकं वेबसाइटवर चढवायची. पंप कसा बसवायचा, व्हॉल्व्ह कधी बदलायचा, मोटर गरम झाली तर काय तपासायचं, असलं सगळं. एकेक पान इतकं लांब असायचं की हवं ते शोधताना माणूस कंटाळून जाईल. म्हणून प्रत्येक पानाच्या वर अनुक्रमणिका लागायची. भागांची नावं एकाखाली एक, आणि नावावर क्लिक केलं की थेट खाली त्या भागावर. सुरुवातीला मनाली हे हाताने करायची. पुढे एक छोटा प्रोग्राम आला. तो पानातले मथळे आपणच शोधून यादी तयार करायचा. आपलं काम गेलं म्हणून ती रुसली नाही. तो चालवायला शिकली आणि जिथे तो चुकायचा ती पानं दुरुस्त करायला लागली.

ती बाळकुमची. टॉवरांच्या मागे खाडीकडे कोळ्यांची काही जुनी घरं अजून आहेत, त्यातलं एक तिचं. आई, मालू, ती कॉलेजात असतानाच गेली. वडील गोमाजी पूर्वी खाडीत जाळी टाकायचे. पाणी काळं झालं, जाळ्यात माशांपेक्षा प्लॅस्टिक जास्त यायला लागलं, तेव्हा त्यांनी होडी विकली आणि एका सोसायटीच्या गेटवर वॉचमनचं काम धरलं. घरात कॉम्प्युटरवर काम करणारी मनाली पहिलीच. गोमाजींना तिच्या कामाचं नीटसं कळत नसे, पण कोणी विचारलं तर ते सांगायचे, "आमची पोरगी मशिनीची पुस्तका लिवतंय."

संध्याकाळी ऑफिस सुटलं की मनाली माझ्यासाठी थांबायची. जिन्यातला दिवा नेहमी गेलेला. ती माझा दंड धरून उतरायची. मला वाटायचं, तिला गप्पा मारायला सोबत हवी असते. मग ती उघड्या ड्रॉवरवर आपटायला लागली. समोरून आलेल्या माणसाला ओळखायची आणि बाजूला ठेवलेली खुर्ची मात्र तिला दिसायची नाही. टेबलावरचा चहाचा कप तिच्या हाताने दोनतीनदा सांडला तेव्हा सगळे हसले, तीही हसली.

शेवटी मीच तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागदावर एक मोठा गोल काढला, त्यात एक बारीक गोल काढला आणि म्हणाले, "तुम्हाला आता एवढंच दिसतंय. कडेचं गेलेलं आहे. हे हळूहळू आत सरकत येतं."

"आणि मग?" मनालीने विचारलं.

"यावर आज तरी उपचार नाही. घरात कोणाला होतं का असं?"

तिच्या वडिलांच्या बहिणीला होतं. दिवेलागणीनंतर आत्या उंबरा ओलांडायची नाही. घरचे म्हणायचे, रातांधळी आहे, आणि विषय तिथेच संपायचा. म्हातारपणी तिला दिवसाही दिसत नव्हतं. म्हातारीला दिसत नाही याचं कोणाला काही वाटलं नाही.

ऑफिसने वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. साहेबांनी तिला मोठा मॉनिटर आणून दिला. पण तिला मोठ्या अक्षरांचा उपयोगच नव्हता. नजरेच्या एवढ्याशा गोलात मोठी अक्षरं दोनच मावायची. तिला बारीक अक्षरं बरी पडायची, एक अख्खा शब्द तरी एका वेळी दिसायचा. हे समजावून सांगितलं तरी लोकांच्या डोक्यात शिरायचं नाही. मग पानांत चुका राहायला लागल्या. एकदा एका पंपाच्या पानावर एक सूचना दोनदा आली आणि एक गळली. त्यावर कोणी ओरडलं नाही. पुढच्या वर्षी तिचं काँट्रॅक्ट वाढवलं नाही, इतकंच.

नंतर कोणीतरी तिला डोंबिवलीच्या एका छोट्या संस्थेचं नाव सांगितलं. मोठेपणी नजर गेलेल्या माणसांना तिथे काठी घेऊन चालायला शिकवायचे, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज कॉम्प्युटरवर कसा वापरायचा, तेही. संस्था सुश्रुत खांबेटे चालवायचे. ते बँकेत अधिकारी असताना त्यांची दृष्टी गेली होती. बारीक चणीचे, हळू बोलणारे. शिकायला आलेल्या प्रत्येकाला अहोजाहो करायचे.

संस्थेची एक वेबसाइट होती. खांबेट्यांनी वर्षानुवर्षं सांगून कोणाकोणाकडून टाइप करून घेतलेली. अपंगत्वाचा दाखला कसा काढायचा, रेल्वेची सवलत कशी मिळते, गॅस कसा पेटवायचा, नोटा कशा ओळखायच्या, नोकरीवरून काढलं तर कोणाकडे जायचं. सगळं मराठीत, साध्या भाषेत, आणि एका ठिकाणी. साइट जुन्या पद्धतीची होती. प्रत्येक पान म्हणजे एक वेगळी फाइल, जशी ठेवली तशी उघडणारी. मागे कुठलं मोठं यंत्र नाही. म्हणून ती इतकी वर्षं बिनबोभाट चालू होती.

मनालीने ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिला रेल्वेच्या सवलतीचं बघायचं होतं. आवाजाने पान वरून वाचायला घेतलं. संस्थेची माहिती, आभार, दाखला कशाला लागतो, कोणते कागद... ती ऐकत बसली. मध्येच फोन आला आणि जागा हरवली. पुन्हा वरून. वाचून दाखवणाऱ्या त्या आवाजात एक सोय असते. एक बटण दाबलं की तो पुढच्या मथळ्यावर उडी मारतो. तिने ते दाबलं. आवाज म्हणाला, पुढे मथळा नाही.

दुसऱ्या दिवशी तिने खांबेट्यांना सांगितलं. "सर, पानांत मथळे नाहीत."

"आहेत की. मी स्वतः सांगून घालून घेतलेत. प्रत्येक भागाला."

"दिसायला आहेत. ठळक अक्षरांत. पण हा मथळा आहे असं कॉम्प्युटरला कोणी सांगितलंच नाहीये. त्याला ते नुसतं जाड अक्षरातलं वाक्य वाटतं."

"म्हणजे इतकी वर्षं मी ते बटण दाबतो आणि तो म्हणतो, मथळा नाही..."

"हो सर."

"मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय," ते म्हणाले. "मी कोणाला विचारलं नाही."

मनालीने काम अंगावर घेतलं. आधी ठळक ओळींचे खरे मथळे करायचे आणि मग प्रोग्रामने प्रत्येक पानावर अनुक्रमणिका लावायची. तिला हे हाताखालून गेलेलं काम वाटत होतं, पण पहिल्याच पायरीला ती अडकली. खांबेट्यांनी टाइप करणाऱ्यांना सांगितलं होतं की महत्त्वाचं असेल ते जाड करा. त्यामुळे "दाखल्यासाठी लागणारे कागद" हे जाड होतं आणि मध्येच "कोणालाही पैसे देऊ नका" हेही जाड होतं. मथळा कुठला आणि बजावणं कुठलं, हे प्रोग्रामला कळणार नव्हतं. प्रत्येक जाड ओळ माणसानेच ऐकून ठरवायची होती.

ती ते ठरवत बसली. सकाळी खिडकीजवळ उजेड चांगला असे तेव्हा ती डोळ्यांनी बघायची, उजेड उतरला की कानांनी. मी रविवारी वर्तकनगरहून तिच्याकडे जायचे. गोमाजी रात्रपाळी करून आलेले असायचे. भिंतीला टेकून, डोळे मिटून तो आवाज ऐकायचे.

"ही बाय दम घेत नाय कं गो?" त्यांनी एकदा विचारलं.

"मशीन हाय ती, बाबा."

"मशीन हाय तरी. कवापासून बोलतंय."

मनाली हसली. तिला तसं हसताना मी त्या वर्षात फार वेळा पाहिलं नाही.

मथळे झाले. मग तिने इंटरनेटवरून अनुक्रमणिकेचा एक तयार प्रोग्राम घेतला, आपल्या फाइलींवर चालवला आणि पानं साइटवर चढवली. प्रत्येक पानाच्या वर यादी आली. मी मोबाइलवर बघून तिला सांगितलं, छान दिसतेय. संध्याकाळी खांबेट्यांचा फोन आला.

"मनालीताई, यादी उत्तम ऐकू येते. पण मी 'रेल्वेची सवलत'वर जातो, एंटर दाबतो आणि पुन्हा पानाच्या वरच येतो. कुठल्याही नावावर तेच."

तिने शोधलं. प्रोग्राम परदेशी होता. यादीतून जिथे उडी मारायची त्या जागेला पानात आतून एक नाव लागतं, आणि मथळ्यावरून ते नाव बनवताना तो फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेवायचा, बाकी सगळं काढून टाकायचा. आमच्या मथळ्यांत इंग्रजी अक्षर एकही नव्हतं. सगळं काढल्यावर उरायचं काही नाही. सगळ्या जागांची नावं रिकामी, म्हणून कुठल्याही दुव्यावर गेलं तरी माणूस पानाच्या डोक्यावर. यादी होती, आणि कुठेच नेत नव्हती.

आधी तिने जागांना नुसते क्रमांक दिले. त्याने चाललं. पण महिन्याभरात एका पानात मध्येच एक भाग वाढवावा लागला आणि पुढचे सगळे क्रमांक सरकले. कोणीतरी दाखल्याच्या भागाचा दुवा ओळखीत पाठवला होता, तो उघडून लोक भलत्याच भागावर पोचायला लागले. तेव्हा तिने प्रोग्राम उघडून त्यातली अक्षरं गाळणारी ओळच बदलली. जागेचं नाव मथळ्यावरून, मराठीतच. मध्ये कितीही भाग वाढले तरी नाव आपल्या जागेवर. तोपर्यंत तिच्या नजरेचा गोल आणखी आत आला होता. ती ओळ बदलताना तिला कंसाची एक बाजू दिसली की दुसरी दिसत नसे. मी शेजारी बसून कंस बंद झाला का ते सांगत होते.

या वेळी खांबेट्यांनी फोनवर राहूनच पान उघडलं. आम्हाला त्यांच्याकडचा आवाज ऐकू येत होता. अनुक्रमणिका. दाखला. सवलत. त्यांनी एंटर दाबलं आणि आवाजाने सवलतीच्या भागातलं पहिलं वाक्य वाचलं.

"पोचलो," खांबेटे म्हणाले. मग म्हणाले, "थँक यू, मनालीताई," आणि फोन तसाच चालू ठेवून एकेक भाग ऐकत राहिले. आम्हीही ठेवला नाही.

पुढचं वर्षभर ते दोघं मिळून पानं ताजी ठेवायचे. खांबेटे फोन करकरून नवे नियम विचारायचे, मनाली बदलायची, प्रोग्राम चालवायची, यादी आपोआप नवी व्हायची. कल्याणहून, टिटवाळ्याहून लोकांचे फोन यायचे की अमुक भाग ऐकला, पुढे काय करू. संस्था तिला थोडंफार मानधन द्यायची. घरखर्च गोमाजींवरच होता. पण ती सकाळी उठून कामाला बसायची, आणि तिला तेवढंच हवं होतं.

मग खांबेटे आजारी पडले. पोटाचं दुखणं निघालं. हॉस्पिटलातूनही ते फोन करायचे, रेल्वेच्या पानावर एक ओळ बदलायची राहिली आहे म्हणायचे. ती ओळ मनालीने बदलली. त्यांना सांगायला फोन केला तेव्हा त्यांच्या मुलाने उचलला. ते पहाटे गेले होते.

संस्था नव्या मंडळींकडे आली. ती माणसं वाईट नव्हती. समृद्धी नावाची एक तरुण मुलगी सगळं बघायला लागली. हुशार, धडाडीची, मार्केटिंगमधली नोकरी सांभाळून हे करणारी. तिने आल्याआल्या संस्थेसाठी देणग्या मिळवल्या. जागेचं भाडं थकलं होतं ते भरलं. आणि तिने मीटिंगमध्ये सांगितलं की साइट फार जुनाट दिसते, आजकाल एवढं लांबलचक कोण वाचतं, आपण माहितीचे पोस्टर करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू.

मनाली त्या मीटिंगला गेली होती. मी सोबत होते. ती काठी मांडीवर आडवी धरून बसली होती.

"पोस्टर म्हणजे चित्र असतं," ती म्हणाली. "आमचा आवाज ते वाचत नाही. तो फक्त 'चित्र' म्हणतो आणि पुढे जातो."

"पण ताई, घरचे वाचून दाखवतात ना?"

"ज्यांच्या घरी कोणी आहे त्यांना दाखवतील."

"पॉइंट आहे," समृद्धी म्हणाली. तिने ते लिहूनही घेतलं. "आपण दोन्ही करू. साइट पण ठेवू. आणि ताई, तुम्ही हे सगळं डोळ्यांचा प्रॉब्लेम असताना केलंत, खूप इन्स्पायरिंग आहे. तुमच्यावर एक व्हिडिओ करूया ना. त्याने फंड येईल."

मनालीने नको म्हटलं नाही. फंड संस्थेला हवा होता. पुढच्या आठवड्यात दोघं जण बाळकुमला आले. तिला खिडकीजवळ बसवलं, कीबोर्डवर हात ठेवायला सांगितलं, काठी घेऊन गल्लीतून दोनदा चालवलं. गोमाजींना तिच्या डोक्यावर हात ठेवायला सांगितलं. त्यांनी ठेवला. त्यांच्या घरात अशी पद्धत नव्हती, त्यामुळे दोघंही अवघडले.

व्हिडिओ आला तो तिने माझ्यासमोर मोबाइलवर लावला. त्यात नुसती बासरी वाजत होती. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली, कोणीतरी बोलेल म्हणून. कोणी बोललं नाही.

"काहीतरी लिहिलेलं असणार," ती म्हणाली. "वाच ना."

मी वाचलं. अंधारातून प्रकाशाकडे. जिद्दीला सलाम. तिच्या बोटांना दिसतं. अनुक्रमणिकेबद्दल त्यात काही नव्हतं.

"बोटांना दिसतं?"

"असं लिहिलंय."

"बरं," म्हणून तिने मोबाइल बाजूला ठेवला.

त्या व्हिडिओने खरंच देणग्या आल्या. त्यातून नवी साइट झाली. दोन्ही ठेवू असं ठरलं होतं, पण जुन्या फाइली नव्या रचनेत बसत नव्हत्या, ते काम बाहेरच्या कंपनीला दिलेलं, आणि त्या कंपनीने सगळे जुने पत्ते नव्या पहिल्या पानाकडे वळवले. मनालीपासून कोणी मुद्दाम लपवलं नाही. सांगायचं राहून गेलं. एका सकाळी तिने रेल्वेचं पान उघडलं आणि आवाज म्हणाला, चित्र. चित्र. चित्र. दान करा.

तिने समृद्धीला फोन केला. समृद्धीला मनापासून वाईट वाटलं. मी बोलते त्यांच्याशी, म्हणाली. बोललीही असेल. कंपनीने जास्तीच्या कामाचं वेगळं बिल सांगितलं आणि तो विषय पुढच्या मीटिंगवर गेला. पुढच्या मीटिंगपर्यंत समृद्धीची बदली पुण्याला झालेली होती.

मनालीकडे सगळ्या पानांची प्रत होती. काही जुन्या लोकांकडे तिचा नंबर होता. ते फोन करायचे, ती आपल्या कॉम्प्युटरवर तो भाग उघडून त्यांना सांगायची. आंबिवलीच्या बायजा म्हणून एक बाई होत्या. घरकाम करायच्या. त्यांच्या नवऱ्याची नजर कारखान्यातल्या अपघातात गेली होती. दाखल्यासाठी कुठल्या वारी जायचं, असं त्यांनी विचारलं. मनालीने दाखल्याचा भाग काढून वार सांगितला, कागद सांगितले. बाई कामाच्या घरी सांगून, रिक्षा करून नवऱ्याला सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेल्या. तिथे कळलं की पद्धत बदलली, आता आधी ऑनलाइन अर्ज करायचा, मग तारीख मिळते. खाडा झाला म्हणून एका घरचं काम त्यांच्या हातून गेलं.

बायजाबाईंनी फोन केला तो भांडायला नव्हे. त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे जुनं असंल. नवीन कुठं मिळंल?"

त्यानंतर मनाली कोणालाच काही वाचून दाखवेनाशी झाली. फोन आला तर म्हणायची, मला माहीत नाही, चौकशी करा. हळूहळू फोन थांबले.

मी मध्ये एकदा गेले तेव्हा तिला म्हटलं, "आपण ती पानं दुसरीकडे फुकटात चढवू. फाइली आहेत, प्रोग्राम आहे. मी करते."

"चढवशील गं. पण आतलं बरोबर कोण ठेवणार? सर दिवसभर फोन करायचे, तेव्हा एक ओळ खरी असायची. मी फोन केला तर कोणी धड बोलत नाही. अनुक्रमणिका लावता येते मला. पण ती चुकीच्या ठिकाणी नेऊन सोडत असेल तर लावू कशाला?"

"निदान जे बदलत नाही ते तरी. गॅस, नोटा..."

"नोटा बदलल्या की," ती म्हणाली.

गोमाजी आतून चहा घेऊन आले. आता सोसायटीने त्यांनाही वय झालं म्हणून काढलं होतं. ते दिवसभर घरीच असायचे. त्यांनी कप तिच्या हाताजवळ आणला आणि बोटाला टेकवला, तेव्हा तिने तो धरला. त्या दोघांनी हे कधी ठरवून घेतलं असेल, मला कळलं नाही. मागच्या वेळी ती कप स्वतः उचलत होती.

"उजेड कळतो का अजून?" मी विचारलं.

"डावीकडून थोडा. उजवा गेला, गणपतीच्या सुमारास." मग ती बाबांकडे वळून म्हणाली, "साखर कमी झालीय."

गोमाजी साखरेचा डबा आणायला उठले. बाहेर शेजारच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये कोणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजायला लागला आणि बराच वेळ वाजत राहिला. आम्ही तो थांबायची वाट बघत बसलो. थांबल्यावर गोमाजींनी तिच्या कपात साखर घातली आणि चमचा फिरवला.